फिफ्थ व्हीलची नऊ दारं, पाच चाव्या: एका चावीवर कसं यायचं

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात लिहिते, म्हणजे दुसऱ्या कुणी वाचलं तरी कळेल. तुम्ही ह्यूस्टनला राहता, वापरलेला ३२ फुटी फिफ्थ व्हील (पिकअपच्या मागच्या हौद्यात जोडून ओढायचा, राहायची सोय असलेला ट्रेलर) घेतलाय, बाहेरून सामानाची-वायरीची-पाण्याची मिळून नऊ दारं आहेत, जुन्या मालकाने दिलेल्या जुडग्यात पाच तऱ्हेच्या चाव्या, दोन लॉक फिरता फिरत नाहीत, एकाची तर चावीच नाही. मे महिन्यात आई-बाबा येतायत आणि बाबांच्या बोटांना संधिवात आहे, त्यांनाही दार उघडता यायला हवं. सगळी लॉक काढून एकाच चावीची नऊ लावू का, असं विचारलंय.

मी ऍरिझोनात मेसा भागात मोबाइल आरव्ही (म्हणजे राहायची सोय असलेल्या गाड्या आणि ट्रेलर) रिपेअरचं काम करते, ११ वर्षं झाली. लोकांच्या ट्रेलरपाशी जाऊन दुरुस्ती करायची, हिवाळ्यात तर दिवसाला तीन-चार ठिकाणी. दारांची लॉक म्हणजे रोजचंच. माझं उत्तर असं की एक चावी जरूर करा, पण नऊ लॉक घेऊ नका. तुम्हाला चावीची तीन पुरतील, फार तर चार. बाकी सगळीकडे बिनचावीचं, नुसतं बोटाने फिरवायचं लॅच. आता का आणि कसं ते सांगते, जरा लांबेल.

पहिल्यांदा जुडगा हातात घ्या आणि प्रत्येक चावीवर काय कोरलंय ते वाचा. मला जवळपास खात्री आहे की त्यातल्या एकीवर सीएच ७५१ असेल. अमेरिकेत आणि कॅनडात आरव्हीच्या सामानाच्या दारांना वर्षानुवर्षं हाच एक कोड लावत आलेत. बहुतेक आरव्ही इंडियाना राज्यात एल्खार्टच्या आसपासच्या कारखान्यांत बनतात, तिथे हजारोंनी स्वस्त लॉक लागतात, आणि सगळी एकाच चावीची असली की कारखान्यात आणि डीलरच्या आवारात काम सोपं होतं. पण त्याचा अर्थ असा की कॅम्पग्राउंडवर तुमच्या शेजाऱ्याच्या खिशात जी चावी आहे ती तुमच्या दाराला लागते, तुमची त्याच्या दाराला लागते, आणि ज्याच्याकडे आरव्ही नाहीच तो पण दोन-चार डॉलरला ती ऑनलाइन मागवू शकतो. टूल बॉक्स, पिकअपच्या हौद्यावरची झाकणं, कपाटं यांना पण हाच कोड सापडतो. तेव्हा नवीन लॉक घेताना पाकिटावर सीएच ७५१ दिसलं तर ते परत ठेवा, तो खर्च वाया आहे. आणि ज्या दाराची चावी नाही म्हणता त्याला आधी हीच चावी लावून बघा, माझ्याकडे "चावी हरवली" म्हणून आलेल्यांपैकी कितीतरी दारं मी माझ्या जुडग्यातल्या सीएच ७५१ नेच उघडलीयत.

आता मुख्य गोष्ट, जी मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. त्या छोट्या लॉकवर आपण दोन कामं टाकलेली असतात. एक, दार रस्त्यावर धक्के खाताना घट्ट बंद ठेवणं आणि भोवतीचं रबर दाबून पाणी-धूळ आत येऊ न देणं. दुसरं, कुणी उघडू नये म्हणून बंद ठेवणं. पहिलं काम जोराचं आहे, दुसरं नाजूक आहे. ह्या लॉकच्या आत पितळेचे पातळ पत्रे असतात, चावीच्या खाचांप्रमाणे ते वरखाली होतात, बस. त्या चावीने जर आपण रबर दाबायचं, दार आत ओढायचं काम रोज केलं तर चावी पिळली जाते, पत्रे झिजतात, आणि एक दिवस चावी अर्धी आत अर्धी हातात. तुमची जी दोन फिरत नाहीत ना, ती बहुतेक बिघडलेली नाहीयेत, रबराच्या दाबाने अडकलीयत. करून बघा, तळहाताने लॉकच्या शेजारी दार आत दाबून धरा आणि मग चावी फिरवा. सहज फिरली तर रोग लॉकमधे नाही, दाबात आहे. दाबायचं काम एका जाड, बोटात धरता येणाऱ्या लॅचला द्या आणि चावीच्या लॉकला फक्त लॉक राहू द्या, मग तेच लॉक दहा वर्षं चालतं.

तर दारोदार फिरू या.

पुढचं मोठं पास-थ्रू, म्हणजे आरपार सामानाची जागा. त्याला दोन्ही बाजूंनी दार आणि बहुतेक वेळा प्रत्येक दाराला दोन लॉक असतात. एका भोकात बोटाचं लॅच लावा, दुसऱ्यात चावीचं. बंद करताना आधी लॅच फिरवायचं, त्याने दार घट्ट बसतं, मग चावी लोण्यासारखी फिरते. उघडताना उलट क्रम. दोन्ही बाजूंना हेच. झाली दोन लॉक. तिसरं जनरेटरच्या किंवा बाहेरच्या किचनच्या दाराला, तुमच्याकडे जे असेल ते. चौथं, आणि इथे बरेच जण माझ्याशी वाद घालतात, पिण्याच्या पाण्याची टाकी भरायच्या तोंडाला. तिथे आत चोरायला काही नाही हे खरं, पण ते तोंड उघडं असलं की कोणी लहान मूल काय टाकेल सांगता येत नाही, आणि घाईत चुकून भलताच पाइप त्यात खुपसलेला पण मी पाहिलाय, पूर्ण टाकी ब्लीचच्या पाण्याने धुऊन काढावी लागली होती. आई-बाबा तेच पाणी पिणार आहेत. मी तिथे चावी ठेवते.

वीज जोडायची केबल, टीव्हीची वायर, नळाच्या पाण्याची जोडणी, सांडपाण्याच्या व्हॉल्व्हचं दार, यांना चावी कशाला? रात्री नऊला पावसात पोचलात की हीच दारं पहिल्यांदा उघडायची असतात, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात पाइप, आणि सांडपाण्याचं काम करताना हातात मोजे. तिथे खिशातून जुडगा काढणं म्हणजे छळ आहे. बोटाचं लॅच लावा आणि सुटा.

आता सगळ्यात महत्त्वाचं दार, गॅसचं. फिफ्थ व्हीलला प्रोपेनचे दोन सिलेंडर असतात, बहुतेक ३० पौंडी, दोन बाजूंच्या छोट्या कप्प्यांत. ह्या दाराला चावीचं लॉक अजिबात लावायचं नाही. आरव्हीसाठी जे एनएफपीए ११९२ नावाचं, अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संस्थेचं स्टँडर्ड आहे त्यात पण हेच आहे, गॅसचा कप्पा चावीशिवाय, हत्याराशिवाय उघडला पाहिजे. कारण साधं आहे, गळती झाली किंवा आग लागली तर तुम्ही तिथे नसलात तरी शेजाऱ्याला, फायर ब्रिगेडला धावत येऊन व्हॉल्व्ह बंद करता यायला हवा. जुने मालक सिलेंडर चोरीला जातो म्हणून तिथे लॉक बसवून ठेवतात, मी ते दिसलं की विचारून लगेच काढते, तुमच्याकडे असेल तर हे काम सगळ्यात आधी करा, बाकीचं पुढच्या शनिवारी केलं तरी चालेल. चोरीची भीती असेल तर सिलेंडर आतून साखळीने बांधा, व्हॉल्व्हपर्यंत हात पोचला म्हणजे झालं. बॅटरीचा मेन स्विच ज्या दारामागे असेल त्याचाही असाच विचार करा, तो पास-थ्रूमधे असेल तर माणसं आत असताना निदान एका बाजूचं दार नुसत्या लॅचवर राहू द्या.

मापाकडे येऊ, कारण इथेच लोकांचं पाकीट परत पाठवायची वेळ येते. ह्या लॉकला कॅम लॉक म्हणतात. मागे जी पट्टी फिरते आणि चौकटीच्या मागे अडकते ती कॅम, मी तिला जीभ म्हणते. दाराला भोक साधारण पाऊण इंचाचं असतं, पण पूर्ण गोल नसतं, दोन बाजू सपाट असतात, म्हणजे लॉक भोकात गरगर फिरत नाही. भोक बहुतेक सगळ्यांचं सारखंच, फरक पडतो तो लांबीत. जुनं लॉक बाहेर काढा आणि डोक्याच्या खालच्या कडेपासून आट्यांच्या शेवटापर्यंत मोजा, डोकं मापात धरायचं नाही. ५/८, ७/८, १ १/८, १ ३/८ इंच अशी मापं मिळतात. पातळ प्लॅस्टिकच्या झाकणाला ५/८ चालतं, भिंतीइतक्या जाड दाराला १ १/८ किंवा १ ३/८ लागतं. एकाच गाडीत दोन-तीन मापं असतात हे गृहीत धरा, एक मोजून नऊ मागवू नका. दाराची जाडी मोजून अंदाज बांधू नका, लॉकच मोजा.

त्याच्याबरोबर तीन गोष्टी टिपून ठेवा. जीभ सरळ आहे की वाकडी, आणि वाकडी असेल तर किती. जीभ पाव फेरा फिरते की अर्धा. आणि चावी कुठल्या स्थितीत बाहेर निघते, फक्त बंद असताना की उघडं असतानाही. ही शेवटची गोष्ट पाकिटावर बारीक अक्षरात असते पण रोजच्या वापरात फार फरक पडतो. कॅम्पग्राउंडवर दिवसभर दार नुसतं लॅचवर ठेवायचं असेल तर चावी दोन्ही स्थितींत निघणारं लॉक हवं, नाहीतर दिवसभर चावी दारातच लोंबकळत राहते. काढायच्या आधी फोनने दोन फोटो घ्या, आतल्या बाजूने, एक बंद स्थितीत, एक उघड्या. नवीन लॉक बसवताना जीभ उलट्या दिशेने फिरते आणि चौकटीवर आपटते ही सगळ्यात कॉमन चूक, आणि फोटो असला की ती होत नाही. जिभेच्या मागे एक कान असलेला वायसर असतो, तो फिरवून बसवला की दिशा बदलते.

मागवताना "कीड अलाइक" असं स्पष्ट बघा, म्हणजे सगळ्यांना एकच चावी, आणि कोड सीएच ७५१ सोडून दुसरा कुठलाही. वेगवेगळ्या लांबीची लॉक एकाच कोडमधे हवी असतील तर एकाच विक्रेत्याकडून, कोड सांगून, एकदम मागवा, नंतर एखादं वेगळं घ्यायला गेलात तर तो कोड मिळेलच असं नाही, म्हणून एक जास्तीचं घेऊन ड्रॉवरमधे टाका. गोल नळीसारखी चावी असते ती ट्यूबुलर लॉक पण मिळतात, सात पिनची, थोडी महाग, त्यांची चावी आखूड आणि जाड असल्यामुळे पिळून तुटत नाही. तुमच्या बाबांसाठी पण ती पकडायला बरी. आमच्याकडे पावसाळ्यात धुळीची वादळं येतात, तेव्हा तिच्यात माती बसते म्हणून मी इथे टोपीवाली घेते. तुम्ही मेक्सिकोच्या आखाताजवळच्या दमट हवेत आहात, तर बॉडी पितळेची आणि जीभ स्टेनलेसची मिळाली तर बघा, साधी मुलामा दिलेली लोखंडी जीभ किनाऱ्याजवळ लवकर गंजते.

बोटाची लॅचपण ह्याच भोकात, ह्याच मापांत मिळतात, नवीन भोक पाडावं लागत नाही. पण घेताना त्याचा पंख मोठा बघा. काहींना नुसती नाण्याएवढी खाच असते, संधिवाताच्या बोटांना ती धरवत नाही. फुलपाखरासारखा उंच पंख असलेलं घ्या, ते अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या भागाने, बोटं न वाकवता फिरवता येतं. माझ्या एका गिऱ्हाईक आजींसाठी मी लॅचच्या पंखावर रबरी नळीचा तुकडा चढवून दिला होता, तो पण चालला.

काढायचं कसं. मागून जिभेचा स्क्रू सोडवा, जीभ काढा, मग मोठा नट पान्ह्याने सोडवा, काहींना नटाऐवजी घोड्याच्या नालासारखी क्लिप असते, ती स्क्रू ड्रायव्हरने ढकलली की निघते. लॉक पुढे ओढून घ्या. एवढंच. जे दार उघडतच नाही त्याला आधी दुसऱ्या बाजूने गाठा, पास-थ्रू आरपार असतो, समोरच्या दारातून आत वाकून मागचा जिभेचा स्क्रू सोडवता येतो, काहींना आतून पलंगाखालूनही हात पोचतो. तेही जमत नसेल तर ड्रिल. लॉकभोवती मास्किंग टेपचे दोन-तीन थर, डोळ्यांना गॉगल, चावीच्या खाचेच्या मधोमध आधी १/८ चा बिट, मग १/४, मग ३/८. लॉक जस्ताच्या ओतीव धातूचं असतं, मऊ, पाच मिनिटांत आतले पत्रे सुटतात आणि चपट्या स्क्रू ड्रायव्हरने ते फिरतं. हळू चालवा. पहारीने, स्क्रू ड्रायव्हरने फटीतून उचकटायचं नाही, दाराची अल्युमिनियमची चौकट एकदा वाकली की परत कधी सरळ बसत नाही आणि मग प्रत्येक पावसात पाणी. ड्रिलचा चुरा व्हॅक्युमने ओढा, कापडाने पुसलात तर भिंतीवर ओरखडे येतात.

बसवताना एक गोष्ट मनापासून सांगते. नट आवळून टाकू नका. ह्या दारांत वरचा पातळ फायबरग्लास, मधे फोम, मागे पातळ पत्रा किंवा प्लाय असतो. पहिल्या वर्षी मी एका नवऱ्या-बायकोच्या ट्रेलरला लॉक लावताना पान्ह्याने चांगला जोर लावून नट आवळला, मला वाटलं घट्ट म्हणजे मजबूत. फोम दबला, डोक्याच्या कडेला केसाएवढी फट राहिली, आणि सात-आठ महिन्यांनी ते परत आले तेव्हा लॉकच्या खाली फायबरग्लास फुगून तळहाताएवढा फोड झाला होता. पाणी आत मुरलं होतं. दार पूर्ण बदलून द्यावं लागलं, माझ्या खर्चाने, आणि ते योग्यच होतं. तेव्हापासून हाताने घट्ट आणि वर पान्ह्याने पाव फेरा, इतकंच. डोक्याखाली पातळ रबरी वायसर किंवा ब्युटिल टेपची (पाणी अडवणारी चिकट, मऊ पट्टी) बारीक कडी करून लावायची. सिलिकॉन नको, नंतर ते निघत नाही आणि त्यावर दुसरं काही चिकटत नाही.

जिभेच्या स्क्रूला निळ्या थ्रेडलॉकचा, म्हणजे आटे सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा, एक थेंब घाला. हे अगदी छोटं काम आहे आणि बहुतेक जण विसरतात. ट्रेलर म्हणजे दर मैलाला छोटा भूकंप, तो स्क्रू सैल होतो, जीभ गळून पडते, बाहेरून लॉक बंदच दिसतं पण दार मोकळं असतं. तुमच्या ह्यूस्टनवरूनही जाणाऱ्या आय-१० हायवेवर, इकडे फीनिक्स आणि टुसॉनच्या मधे, एका कुटुंबाचं दार असंच हवेने उघडलं, खुर्च्या आणि पाण्याचा पाइप रस्त्यावर, मागून येणारा ट्रक थोडक्यात वाचला. नवीन बसवल्यावर पहिल्या शंभर मैलांनंतर थांबून सगळे स्क्रू हाताने तपासा.

दाब कसा बघायचा ते पण सांगते. दारात रबर आणि चौकटीच्या मधे एक डॉलरची नोट ठेवून दार बंद करा, लॅच फिरवा आणि नोट ओढा. ओढताना अडखळत बाहेर आली तर बरोबर. सुळकन आली तर सैल, फाटायला लागली तर जास्त घट्ट. चारी बाजूंना करून बघा. सैल असेल तर वाकडी जीभ उलटी बसवा, तेवढ्यानेच पाव-अर्धा इंचाचा फरक पडतो, किंवा वेगळ्या वाकाची जीभ घ्या, लॉक तेच ठेवून नुसत्या जिभा मिळतात. थोडंच कमी-जास्त करायचं असेल तर जीभ काढून बाहेर शिकंज्यात धरून वाकवा, दारावर असताना पक्कडीने वाकवायला जाऊ नका. आणि रबरच चपटं, कडक झालं असेल तर कुठलंही लॉक लावा, पाणी येणारच, आधी रबर बदला. जुन्या ट्रेलरला हे बरेचदा लागतं.

काही आरव्हींना, विशेषतः मोटरहोमना (स्वतःचं इंजिन असलेल्या आरव्हींना), ढकललं की आपोआप बंद होणारं स्लॅम लॅच असतं. तुमच्या वर्णनावरून मोठ्या दाराला ते असू शकतं. त्यात पूर्ण लॅच बदलायची गरज नसते, बऱ्याचदा चावीचा गाभा तेवढा बदलता येतो, मागची क्लिप काढून. पण असं दार असेल तर एक सवय लावा, आत काही ठेवताना चावी खिशातच. दर जानेवारीत क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात हजारो आरव्ही जमतात, मी तिथे कामाला जाते, आणि वाऱ्याने दार आपटून चावी आत अडकलेली माणसं मला दर वर्षी भेटतात.

येण्या-जाण्याचं मुख्य दार ह्या सगळ्यात धरू नका. त्याचं हँडल आणि डेडबोल्ट वेगळं प्रकरण आहे, कॅम लॉक नाही. तिथे खर्च करायचा असेल तर करा, कारण कारखान्यातून येणाऱ्या हँडललाही कोड मोजकेच असतात, एकाची चावी दुसऱ्याच्या ट्रेलरला लागलेली मी डोळ्याने बघितलीय. कीपॅडचं घेतलंत तर बाबांना चावीची कटकट नाही, फक्त बॅटरी संपल्यावर वापरायची साधी चावी ट्रेलरच्या बाहेर, पिकअपमधे ठेवा.

ह्या बाहेरच्या लॉकनी चोर थांबेल असं मात्र समजू नका. दार फोम आणि पातळ पत्र्याचं आहे, ठरवून आलेल्याला एक मिनिट लागतं. लॉकने येता-जाता हात घालणारा थांबतो. महागडी हत्यारं, सायकली, छोटा जनरेटर यांना ट्रेलरच्या सांगाड्याला साखळी, आणि पासपोर्ट-दागिने ह्या कप्प्यांत कधीच नाही, पाहुणे असताना तर नाहीच.

तेलपाणी वर्षातून दोनदा. कोरडं ग्रॅफाइट किंवा पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) कोरडा स्प्रे, एक फुसका, चावी चार वेळा आतबाहेर. डब्ल्यूडी-४० मारू नका, त्या दिवशी छान वाटतं पण तेलकट थरावर धूळ बसून महिन्याभरात लॉक आणखी जड होतं. रबराला रबराचाच कंडिशनर लावा, म्हणजे उन्हात ते चौकटीला चिकटत नाही.

चावीच्या जास्तीच्या प्रती लॉक नवीन असतानाच काढून घ्या. झिजलेल्या चावीवरून काढलेली चावी झीज पण उचलते, म्हणून जुन्यावरून काढायचीच असेल तर कुलूपवाल्याला कोड सांगून नवीन कापून घ्या. एक तुमच्याकडे, एक पिकअपमधे, एक बाबांच्या गळ्यातल्या दोरीत. आणि लॉकच्या तोंडावर कोड छापलेला असतो तो कुठेतरी लिहून घेऊन मग तोंडावरचा कानसीने घासून टाका, नाहीतर तो वाचून कोणीही तशीच चावी मागवू शकतो.

गॅसच्या दाराचं ह्या आठवड्यातच करून टाका. बाकीच्यांची मापं घेतलीत की दारागणिक लिहून पाठवा, कुठली लांबी आणि कुठली जीभ मागवायची ते मी सांगते. मागवल्यावर यायला आठ-दहा दिवस धरा, आणि बसवायला एक पूर्ण सकाळ, मे पर्यंत आरामात होईल.